वस्तुमान कळू न देता म्यूऑनची जोडी ओळखायची

बी-एस मेसॉन (बॉटम आणि स्ट्रेंज क्वार्कचा अल्पायुषी कण) दर अब्ज क्षयांत जेमतेम साडेतीन-चार वेळा दोन म्यूऑनांत (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांत) फुटतो. सर्नच्या सीएमएस आणि एलएचसीबी या प्रयोगांनी डेटा एकत्र करून २०१५ साली हा क्षय ६.२ सिग्मांनी (सिग्मा म्हणजे निकाल निव्वळ योगायोगापासून किती दूर आहे याचं माप) दाखवला. खरा क्षय (सिग्नल) आणि त्यासारखा दिसणारा कचरा (बॅकग्राउंड) वेगळे करणारं त्यामागचं यंत्र म्हणजे बूस्टेड डिसिजन ट्री, म्हणजे एकामागून एक चुका सुधारत जाणाऱ्या निर्णयवृक्षांचा क्लासिफायर, आणि दहाबारा चलं (मोजलेल्या राशी), बस. इतक्या कमी चलांसाठी खोल न्यूरल नेटवर्कचा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही. खरी कसोटी असते ती ट्रेनिंगचा डेटा निवडताना.

सिग्नल घ्यावा लागतो सिम्युलेशनमधून, कारण प्रत्यक्षात तो मूठभरच असतो. बॅकग्राउंड मात्र खऱ्या डेटातून, वस्तुमानाच्या साईडबँडमधून, म्हणजे सिग्नलच्या बाजूच्या पट्टीतून येतो. बी-एसचं वस्तुमान ५३६७ एमईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक), म्हणून साधारण ५४५० च्या वरची पट्टी वापरा. खालच्या पट्टीत एक न्यूट्रिनो निसटलेले अर्धवट क्षय मिसळलेले असतात आणि ते सिग्नलसारखेच दिसतात. हाच साईडबँड पुढे फिटमध्येही (वस्तुमानाच्या आलेखावर वक्र बसवून सिग्नल मोजताना) लागतो, त्यामुळे डेटाचे पाच-दहा भाग करून प्रत्येक भागाला बाकीच्या भागांवर शिकलेल्या मॉडेलनेच गुण द्यायचे. हे टाळलं तर साईडबँडमधला बॅकग्राउंड कृत्रिमरीत्या कमी दिसतो आणि सिग्नलखालचा अंदाज चुकतो.

आता या मांडणीत दोन चोरवाटा आपोआप तयार होतात. पहिली वस्तुमानाची. सगळा बॅकग्राउंड ५४५० च्या वरचा, सगळा सिग्नल ५३६७ जवळचा. मग दोन्ही म्यूऑनांचे संवेग आणि त्यांच्यातला कोन दिला की ट्री गुपचूप वस्तुमानच मोजायला शिकतं. परिणामी ५३६७ जवळचा निव्वळ कचराही भरघोस गुण मिळवतो आणि फिटमध्ये नसलेला उंचवटा दिसतो. म्हणून आघात-अंतर (कणाचा मार्ग टकरीच्या बिंदूपासून किती लांबून जातो), बी मेसॉनची दिशा मूळ शिरोबिंदूशी, म्हणजे टकरीच्या जागेशी, किती जुळते, उड्डाणाचं अंतर, दोन मार्गांमधलं किमान अंतर आणि एकाकीपणा, म्हणजे आसपास दुसरे कण किती आहेत, अशी चलं निवडतात. तपासणी सोपी: वरच्या पट्टीचे वस्तुमानानुसार तुकडे पाडा आणि प्रत्येकातले सरासरी गुण बघा. रेषा सपाट हवी.

दुसरी चोरवाट जास्त फसवी. सिम्युलेशन आणि डेटा यांच्यातला फरक हाच क्लासिफायरला 'सिग्नल' वाटू लागतो. एकाकीपणा सर्वात धारदार चल, आणि सिम्युलेशनमध्ये नेमकं तेच नीट जमत नाही, कारण ते टकरीत निघणाऱ्या इतर कणांच्या संख्येवर अवलंबून असतं. उपाय म्हणजे भरपूर आकड्यांचा, तशाच रचनेचा क्षय: बी-प्लस मेसॉनचा जे-साय (जो पुढे दोन म्यूऑनांत फुटतो) आणि केऑन या कणांमध्ये होणारा. त्याचा सिम्युलेशन आणि बॅकग्राउंड वजा केलेला खरा डेटा एकमेकांसमोर ठेवा, आणि दोघांना वेगळं ओळखणारा दुसराच क्लासिफायर शिकवा. त्याचा एयूसी (वेगळं ओळखण्याचं माप; ०.५ म्हणजे निव्वळ अंदाज, १ म्हणजे अचूक) ०.५ जवळ आला तर ठीक, ०.६ आला तर कुठलं चल दगा देतंय ते शोधून सिम्युलेशनला त्यानुसार वजनं लावा किंवा ते चल सरळ काढून टाका. बॅकग्राउंड वजा करताना काही वजनं ऋण येतात, आणि ग्रेडियंट बूस्टिंगची नेहमीची पॅकेजं त्यावर अडखळतात. ट्रीच्या पानातली (शेवटच्या टोकातली) वजनांची बेरीज शून्याजवळ गेली की गुण कुठल्या कुठे जातात.

एलएचसीबीने २०१५ मध्ये कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर टाऊ या कणाच्या तीन म्यूऑनांत होणाऱ्या क्षयाची स्पर्धा ठेवली, तेव्हा या दोन्ही वाटांवर नियमांचाच पहारा होता. नियंत्रण-क्षयावर डेटा आणि सिम्युलेशनच्या गुणांमधलं कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह अंतर (दोन वितरणांतला सर्वात मोठा फरक) ०.०९ च्या आत, आणि वस्तुमानाशी सहसंबंध मोजणारा क्रॅमर-फॉन मिझेस आकडा ०.००२ च्या आत हवा होता.

कट, म्हणजे गुणांची किमान मर्यादा, कुठे लावायचा हे एयूसीवरून ठरवू नका, कारण आपल्याला वक्राचं अगदी टोकच लागतं. पुंझीचं माप वापरा: सिग्नलची कार्यक्षमता (कटमधून वाचणारा सिग्नलचा वाटा) भागिले (अ/२ + बॅकग्राउंडचं वर्गमूळ), इथे 'अ' म्हणजे हव्या असलेल्या सिग्मांची संख्या. सिग्नल किती असेल हे आधी गृहीत धरावं लागत नाही. सिग्नलची खिडकी (५३६७ भोवतीची वस्तुमानाची पट्टी) तोवर झाकलेलीच ठेवायची.

एवढं करूनही एक बॅकग्राउंड या ट्रीला दाद देत नाही: केऑन-पायऑन जोडी (दोन्ही हलके मेसॉन). बी-शून्य या भाऊबंद मेसॉनचा हा क्षय दर लाखात सुमारे दोन, म्हणजे सिग्नलच्या हजारो पट, आणि भूमितीने हुबेहूब तसाच. केऑन किंवा पायऑन उडता उडता म्यूऑनमध्ये क्षय पावला की डिटेक्टर फसतो. म्यूऑन समजून मोजल्यावर हे वस्तुमान खाली घसरतं, आणि बी-शून्यच्या म्यूऑन-जोडीला शोधायच्या जागीच येऊन बसतं. त्यासाठी कण ओळखणारा कट वेगळा आणि कडक लावायचा. चुकीच्या ओळखीचं प्रमाण खऱ्या डेटातून, डी-स्टार मेसॉनच्या क्षयांतल्या केऑन-पायऑनांवरून, संवेगाच्या प्रत्येक तुकड्यासाठी मोजून घ्यायचं.