सीट धरायला

परवा दुपारी लाईन गेली म्हणून पंख्याखालून उठलो अन् उगाच माळ्यावर चढलो. शोधत होतो पाना, हाती लागली बाबांच्या सायकलची सीट. सायकल कधीच भंगारात गेली, सीट कोणी कायले ठेवली देव जाणे. चामड्याची, खाली स्प्रिंगा, समोरचं नाक तडकलेलं, पण मागची कड अशी गुळगुळीत की बोट घसरते. बसून बसून नाही हो, धरून धरून.

बाबा सायकलवर बसलेले मला फारसे आठवतच नाहीत. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, विहिरीत पाणी हाय पण त्यात डाळ शिजत नाही. उन्हाळ्यात गोडं पाणी आणायला शेजारच्या गावी जायचं. कॅरिअरच्या दोन्ही अंगाला डालड्याचे पिपे दोरीनं लटकवलेले, पाणी हिंदकळू नये म्हणून वर कडुनिंबाची डहाळी टाकलेली, बाबांचा डावा हात हँडलवर, उजवा सीटच्या मागे, आणि मी कॅरिअर धरून. मी ढकलतो असं मला वाटायचं, खरं तर लटकतच असणार. अर्ध्या रस्त्यात पाय भाजले की मी म्हणायचो, बाबा तुम्ही बसा न आता, अन् मले दांड्यावर बसवा. ते म्हणायचे, "सायकल काय बसाले घेतली काय?"

तर दोन वर्षांपूर्वी, गिअरची सायकल घेतली त्याच डिसेंबरात, एकटाच चार दिवस मेळघाटात निघालो. घरी कोणालेच पटलं नाही. पहिला दिवस अंजनगाववरून परतवाडा, सगळं सपाट, कपाशीची वेचणी चालू, मी शीळ घालत. आमच्याकडे चढ म्हणजे नाल्यावरच्या पुलाचा, तेवढ्यावरच माझा सगळा रुबाब. दुसऱ्या दिवशी धामणगाव गढी सोडलं अन् घाट लागला. चिखलदरा 1118 मीटर उंच, हे शाळेत पाठ केलं होतं, ते पोटऱ्यांना त्या दिवशी समजलं. एकच्या गिअरला पाय गरगरा फिरून रायले आणि बाजूचा दगड तोच. उतरलो. ढकलत निघालो. आणि तिथं लक्षात आलं की या नव्या सीटला धरायला जागाच नाही! चिंचेच्या आकड्याएवढी ती सीट, घामेजला हात लावला की घसरते. बनवणाऱ्यानं सीट धरून चालणारं माणूस कधी पाहिलंच नसावं. माझा हा राग अजून गेलेला नाही.

वर येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काहून बाप्पा, पंचर झाली काय?" दोघांना खरं सांगितलं, दम लागला म्हणून. ते असे पाहत गेले की तिसऱ्याला सरळ म्हटलं, हाव, पंचर. तो खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला म्हातारा. थांबला, वाकला, अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. "हवा तं फुल हाय न." मी गप. तोही पुढं काही बोलला नाही, माझ्या मागच्या बॅगवर हात टेकवला आणि वळणापर्यंत ढकलत आला.

1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला घेतला, तेव्हा तोफा याच डोंगरांमधून माणसांनी ओढत नेल्या होत्या. त्यांना नसंल विचारलं कोणी पंचर झाली काय म्हणून.

चिखलदऱ्याला खवा खाल्ला, पाव किलो, एकट्यानं. तिसऱ्या दिवशी सेमाडोहपर्यंत उतारच उतार, ब्रेक दाबून बोटं बधिर, संध्याकाळी सिपना नदीच्या पाण्यात पाय टाकून बसलो तर कोणत्याच मोठ्या गोष्टी सुचल्या नाहीत, फक्त उद्या घटांगचा चढ हाय एवढंच डोक्यात. तोही अर्धा पायीच केला. या वेळी सीटच्या मागं गमछा बांधला होता, तो धरून. घरी सांगितलं, सगळा घाट चालवत चढलो. अजूनही सगळ्यांना तेच माहीत हाय.

परवा ती जुनी सीट नव्या सायकलला बसते का पाहिलं. नाही बसत, दांडी जाड पडते. बसलीही असती कशीबशी, पण पाना काही सापडला नाही, अन् तेवढ्यात लाईन आली.