खंबाटकी पहाटे साडेपाचच्या आत: लहान मुलांसह पुणे–मालवण, मे महिन्यात

मोबाइलवरचा नकाशा पुणे ते मालवण साधारण आठ तास दाखवतो. गाडीत दीड आणि पाच वर्षांची मुलं, दुसरा शनिवार, सकाळी साडेसहाला प्रस्थान: लागले तेरा. त्यातले सव्वादोन तास एकट्या खंबाटकी घाटात गेले. म्हणून घाटापासूनच सुरुवात.

साताऱ्याहून पुण्याला येताना बोगदा मिळतो, पण पुण्याहून जाताना नवा जोडबोगदा चालू नसेल तर जुना घाट चढावाच लागतो. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी सकाळी सात ते अकरा हा चढ म्हणजे रांग. एक भरलेला ट्रक वळणावर बंद पडला की मागे सगळं थांबतं. मग एसी पूर्ण चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाड्या तापतात, तापलेल्या गाड्या कडेला उभ्या राहतात आणि उरलेली एक लेनही जाते. नवा जोडबोगदा पूर्ण सुरू होईपर्यंत याला एकच उपाय आहे: पहाटे चारला पुणे सोडा. मुलांना झोपेतून उठवू नका, रात्रीच्या कपड्यांतच उचलून सीटवर बांधा. पावणेपाचच्या सुमारास खेड शिवापूर, साडेपाचच्या आत घाटमाथा, आणि मुलं जागी होतात तेव्हा सातारा मागे पडलेलं असतं. चारला निघणं जमणार नसेल तर मंगळवार-बुधवार निवडा. दोन्ही जमत नसेल तर मुलांना घेऊन या रस्त्याने जाऊ नका, कोकण रेल्वेचं तिकीट काढा.

तरीही अडकलात तर काय करायचं ते नीट लक्षात ठेवा. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका. पुढच्या गाडीपासून एक गाडीभर अंतर सोडा, हँडब्रेक लावा, जागा झाली की एकदम पुढे घ्या. एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) गाडी असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याचा मोह आवरा. आत क्लचच असतो आणि तो तसाच जळतो. तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकला की एसी बंद करून काचा उघडा. काटा आणखी चढला तर गाडी डावीकडे घेऊन बंद करा आणि मुलांना रहदारीपासून लांब, कठड्याच्या आत सावलीत न्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. कूलंटची पातळी निघायच्या आदल्या रात्री, इंजिन थंड असताना बघायची. टायरची हवाही थंड टायरमध्येच भरायची, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा जो आकडा दिलेला असतो तेवढी.

बंद गाडीत मुलाला ‘दोन मिनिटं’ सुद्धा ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंश चढू शकतं आणि काच बोटभर उघडी ठेवून काही उपयोग होत नाही. बेल्टची धातूची बकलं उन्हाने मुलाच्या मांडीला चटका देतात. उतरताना सीटवर पांढरा पंचा टाकून जा.

साताऱ्याच्या पुढे थेट कागलपर्यंत सहापदरीकरणाच्या कामामुळे वळवलेले रस्ते आहेत. रात्री तिथे दिशादर्शक दिसत नाहीत आणि सर्व्हिस रोडवरून परत मुख्य रस्त्यावर येताना गाडी धाडकन आपटते. कऱ्हाड ते कोल्हापूर या टप्प्यात वेळेचा हिशेब सोडून द्या. आणि टोलचा २०० फेऱ्यांचा वार्षिक पास (१५ ऑगस्ट २०२५ पासून मिळतो, तेव्हा ३००० रुपयांना होता) निव्वळ या सहलीसाठी काढू नका. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार नाके आहेत, म्हणजे जाऊन-येऊन आठच फेऱ्या होतात.

कोल्हापूरला मुक्काम करा. पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा सल्ला नाही, अट समजा. पुढचा घाट थकलेल्या मुलांनी आणि थकलेल्या चालकाने करायचा नाही.

खाली उतरायला करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली असे पर्याय आहेत. गगनबावड्याचा करूळ घाट दुरुस्ती आणि दरडींमुळे बराच काळ बंद राहिला आहे, त्यामुळे चौकशी केल्याशिवाय तिकडे वळू नका. भुईबावडा अरुंद आणि तीव्र आहे, उलटी होणाऱ्या मुलांना घेऊन अजिबात नको. वेंगुर्ला-सावंतवाडीला जाणाऱ्यांनी आंबोली धरावं. मालवणसाठी राधानगरी–दाजीपूर–फोंडा–कणकवली हा रस्ता बरा, पण घाट फोंड्यालाच सुरू होतो असं समजू नका. राधानगरीपासूनच वळणं लागतात आणि उलट्याही तिथेच सुरू होतात. कोल्हापुरात टाकी भरा, नकाशा डाउनलोड करून ठेवा, दाजीपूरच्या जंगलात नेटवर्क जातं.

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा या वयात जास्त. निघायच्या दोन तास आधी हलकं खायला द्या: दशमी, केळं, दहीभात. दूध, क्रीमची बिस्किटं आणि तांबडा रस्सा नको. हातातला मोबाइल काढून घ्या आणि समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. औषध द्यायचंच असेल तर मात्रा वजनावर ठरते, आधी डॉक्टरांना विचारा. उलटीसाठी पिशव्यांपेक्षा आइस्क्रीमचे रिकामे, घट्ट झाकणाचे डबे चांगले, प्रत्येक मुलामागे तीन. झाकण लावलं की वास बंद. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या बाटलीत नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

फोंडा उतरताना दुसरा गिअर. ब्रेकचा जळका वास आला तर सुरक्षित जागी वीस मिनिटं थांबा, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

मालवण-तारकर्लीचे दिवस सुखाचे जातात, तिथे सांगण्यासारखं फार नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याला पहिल्या होडीने जा, दहानंतर आत सावली शोधावी लागते. पण तारीख मात्र जपा. होड्या आणि जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. मेच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग करताना निवासवाले हे आपणहून सांगत नाहीत, पैसे मात्र हंगामाचेच घेतात. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद, ताज्या मोठ्या मासळीसाठी त्याआधीच जा.

जलक्रीडांच्या ‘पाच राइडच्या पॅकेज’मध्ये लहान मुलाचे पूर्ण पैसे लावतात आणि पाण्याजवळ गेल्यावर तीन राइडना ‘बाळ नको’ म्हणतात. पैसे देण्याआधी एकेक राइडचं नाव घेऊन मुलाला बसवणार का ते विचारा. मोठ्यांचं लाइफ जॅकेट मुलाला चालत नाही. पट्टे आवळून खांद्याला धरून वर ओढा, हनुवटीच्या वर सरकलं तर त्या होडीत बसायचं नाही. घासाघीस पैशांची करा, जॅकेटची नको.

परतीला घाट सकाळीच चढा, दुपारनंतर कोल्हापूर–सातारा पट्ट्यात वळीव गाठतो. आणि अगदी शेवटी, कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार: ब्रेक निकामी झालेले ट्रक इथे मागून येऊन आदळले आहेत. घर जवळ आलं म्हणून मुलांचे बेल्ट इथे सोडू नका. खालचा गिअर ठेवा, दोन अवजड गाड्यांच्या मध्ये राहू नका, आणि पुढे रांग दिसली तर लांबूनच धोक्याचे दिवे लावून वेग कमी करा.