सहा फ्रेमची माया

त्या खोलीत मी १३९ वेळा मेले. 'सेलेस्ट' हा व्हिडिओ गेम सगळ्या मरणांचा हिशोब ठेवतो, त्यातून आधीची वजा करून हा आकडा काढलाय. त्यातलं शेवटचं मरण धरायचं की नाही हा वादाचा मुद्दा आहे, पण त्याबद्दल नंतर.

खोली आपली म्हणायची. टीव्हीच्या पडद्यावर मावणारी एक चौकट. डावीकडे कडा, पलीकडे दुसरा कडा, मधे दरी. तळाला काटे, छतालाही काटे. दरीवर अधांतरी एक ठोकळा, पाय लागला की झपकन पुढे सरकणारा. गेमच्या नायिकेला, लाल केसांच्या मॅडेलिनला, इकडून तिकडे न्यायचं. तिला तीनच गोष्टी येतात: उडी मारणं, भिंत धरणं आणि हवेत असताना एकदाच डॅश करणं, म्हणजे झपकन झेप घेणं. डॅश वापरला की तिचे केस निळे होतात. म्हणजे आता आपल्या हातात काही उरलेलं नाही, हे केसांवरूनच कळतं. जमलं तर सगळा मामला आठ सेकंदांचा. मला तीन संध्याकाळी लागल्या.

'सेलेस्ट' हा २०१८ सालचा गेम, डोंगर चढू बघणाऱ्या मुलीचा. "गोष्ट छान आहे, संगीत सुंदर आहे" असं सांगून एका मैत्रिणीनं तो माझ्या गळ्यात मारला. काट्यांचा विषय तिनं सोयीस्करपणे टाळला. गेममध्येच सुरुवातीला एक पोस्टकार्ड दिसतं: मरणांच्या आकड्याची लाज नको, अभिमान बाळगा, जितकं मराल तितकं शिकताय. त्या हिशोबानं मी एव्हाना पंडिता व्हायला हवी होते.

अशा गेममध्ये मरण फार स्वस्त असतं, आणि खरी कारागिरी तिथंच आहे. काट्याला पाय लागतो, मॅडेलिनचे गोल गोल ठिपके होऊन उडतात, आणि आपण "छे" म्हणेपर्यंत ती पुन्हा डाव्या कड्यावर उभी. 'गेम ओव्हर'ची पाटी नाही, पुन्हा खेळायचं का ही विचारणा नाही. वाईट वाटून घ्यायला दोन-तीन सेकंद तरी लागतात, तेवढेच नेमके काढून घेतलेले. रुसून कंट्रोलर खाली ठेवावा, तर ती तिथं उभी असते, वाट बघत. "शेवटचं एकदा" असं मी त्या तीन संध्याकाळी किती वेळा म्हटलं, त्याचा हिशोब गेम ठेवत नाही, हे नशीब.

पहिल्या पन्नास-साठ मरणांपर्यंत चूक दुसऱ्यांचीच होती. आधी कंट्रोलर: जुना झालाय, बटण नीट लागत नाही. मग टीव्ही: बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत वेळ खातो. (ही तक्रार अगदीच खोटी नसते, टीव्हीत 'गेम मोड' उगाच दिलेला नसतो. मी तो लावला. मग पूर्वीसारखीच मेले, फक्त किंचित लवकर.) मग शेजारी बसून पाय हलवणारी भाची. नाचता येईना अंगण वाकडं, हे ज्यानं म्हटलं त्यानं माझा टीव्ही पाहिला नव्हता, अशी माझी ठाम समजूत होती. पण साठ-सत्तरच्या पुढे कुठंतरी अंगण आपोआप सरळ व्हायला लागलं. तो ठोकळा दर वेळी तितक्याच वेगानं सरकत होता. काटे दर वेळी तिथंच होते. बदलत होते ती फक्त मी.

सगळे अवघड गेम असे सरळ नसतात. काही चक्क रडीचा डाव खेळतात. १९८५च्या 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'मधल्या योद्ध्याला एक फटका बसला की चिलखत गळून पडतं आणि तो बिचारा चड्डीवर धावत सुटतो. हे एक वेळ हसून सोडू. पण जिवाचं रान करून शेवटच्या राक्षसाला हरवलंत की गेम म्हणतो, हे सगळं मायाजाल होतं, आता पहिल्यापासून पुन्हा! १९८६ साली जपानमध्ये निघालेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स २'मध्ये विषारी मश्रूम होते, आणि शोधून काढलेली एखादी गुप्त वाट पुढच्या जगात नेण्याऐवजी मागच्या जगात नेऊन टाकायची. अमेरिकेत त्या वेळी तो गेलाच नाही, तिकडे त्याच नावानं वेगळा गेम विकला. त्या काळाला निदान कारणं तरी होती. आर्केडमधल्या यंत्राचं पोट नाण्यांवर भरायचं, तेव्हा खेळणाऱ्यानं लवकर मरणं हा धंद्याचाच भाग. घरच्या कार्ट्रिजमध्ये जागा इतकी कमी, की गेम तासाभरात संपू नये म्हणून तो अवघड करणं हाच सोपा उपाय. २००७च्या 'आय वॉना बी द गाय'ला यातलं एकही कारण नव्हतं, तो तर फुकटच होता. तिथं झाडाखालून जाताना फळ डोक्यावर पडतं. ते चुकवायला शिकून वरून उडी मारावी, तर फळ वर पडतं. वर! यावर चिडायचं तरी कसं?

आणि २०१७चा तो 'गेटिंग ओव्हर इट'. मोठ्या कढईत कमरेपर्यंत रुतलेला माणूस, हातात लांब हातोडा, समोर कचऱ्याचा डोंगर. चेकपॉइंट, म्हणजे पडल्यावर जिथून पुन्हा सुरुवात करता येईल असा टप्पा, कुठंच नाही. तासाची चढण एका चुकीत वाहून जाऊ शकते. पडलात की गेम करणारे बेनेट फॉडी, मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, शांत आवाजात अपयशाविषयी थोरामोठ्यांची वचनं ऐकवतात. काहींना हे फार आवडतं. मी लांबूनच नमस्कार करते. पडलेल्याला वचनं ऐकवू नयेत, एवढंच माझं तत्त्वज्ञान.

माझा गेम मात्र सरळ, चोख न्यायाचा, अशा भ्रमात मी होते. मग दुसऱ्या संध्याकाळी एक गोष्ट वाचनात आली आणि माझा मान जरा दुखावला. हा गेम करणाऱ्या मॅडी थॉर्सन यांनी स्वतःच उघड केलेलं गुपित होतं ते. मॅडेलिन कड्याच्या पुढे निघून गेली, पायाखाली जमीन उरली नाही, तरी सेकंदाचा दहावा भाग तिला उडी मारता येते. गेम सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, दाखवतो, त्यातल्या सहा. याला म्हणतात 'कायोटी टाइम'. 'रोड रनर' कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा कायोटी कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्याच्यावरून. एवढ्यावर भागत नाही. उडी मारताना डोकं ठोकळ्याच्या कोपऱ्याला आपटलं, तर गेम तिला हळूच बाजूला सरकवतो. भिंतीपासून दोन पिक्सेल लांब असली, तरी भिंतीला पाय टेकल्याचं धरून उडी देतो. जमिनीवर उतरायच्या किंचित आधी बटण दाबलं, तर ते लक्षात ठेवून पाय टेकताच उडवतो.

म्हणजे मी इतके दिवस कच्चं लिंबू होते! आणि खऱ्या कच्च्या लिंबाला निदान आपण कच्चं लिंबू असल्याचं माहीत असतं. मला तेही कुणी सांगितलं नव्हतं.

फुरंगटून झाल्यावर मात्र पटलं. डोळ्याला वाटतं आपण अगदी काठावर दाबलं. अंगठा तिथं जरा उशिराच पोचलेला असतो. गेमनं फ्रेम मोजून न्याय केला असता, तर दर दोन मिनिटांनी मी "दाबलं होतं की!" म्हणून भांडले असते आणि टीव्हीवरचा खटला कधीच मिटला नसता. ज्या सरळपणानं माझ्या सगळ्या सबबी संपवल्या, तो सरळपणाच मुळात वाकडा होता, माझ्या बाजूला वाकलेला. उघड सवलतीसुद्धा आहेत या गेममध्ये: असिस्ट मोडमध्ये वेग कमी करा, हवं तर काट्यांनी मरूच नका. तो मी लावला नाही. लपवून केलेली माया चालते, विचारून केलेली नको, असा आमचा बाणेदारपणा.

पण मग एवढी सूट असूनही मी पडत का होते?

"मावशी, तू उशीर करतच नाहीस," भाची म्हणाली. स्वतःच्या पायाकडे बघत, अगदी सहज. "तू घाई करतेस."

खरंच होतं. काठ संपायची भीती वाटून मी दोन पावलं आधीच उडी मारायची, आणि ती दोन पावलं पलीकडे कमी पडायची. उशिराला सहा फ्रेमची माफी होती. अलीकडूनच मारलेल्या उडीला कसली माफी असणार?

तिसऱ्या संध्याकाळी मग मी फक्त थांबायचा सराव केला. काठ येतोय, येतोय, आला, आता दाब. अंगठा ऐकेना. डोक्याला कळलेलं अंगठ्याला समजावायला तीस-चाळीस मरणं खर्ची पडली. २०१०च्या 'सुपर मीट बॉय'मध्ये लेव्हल जिंकली की तुमचे सगळे प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर सोडतात. लाल ठोकळ्यांचा अख्खा जथा निघतो, अर्धे पहिल्याच करवतीपाशी संपतात, उरलेले पुढच्या वळणावर, आणि एकटाच कुणी पलीकडे पोचतो. माझ्या खोलीत तशी सोय असती, तर १३८ लाल केसांच्या मुली दरीच्या अलीकडूनच घाईघाईनं उडी मारताना दिसल्या असत्या.

जमलं तेव्हा मी वेगळं काय केलं ते मला माहीत नाही. काठ आला, गेला, पायाखाली काहीच नव्हतं, आणि तेव्हा कुठं अंगठा दाबला गेला. ठोकळा, डॅश, निळे केस, भिंत, कडा. पडदा सरकला, पुढची खोली आली. भाचीनं विचारलं, "कसं केलंस?"

तेच बघायला मी मॅडेलिनला वळवून पुन्हा त्या खोलीत नेलं. पहिल्याच काट्यावर गेली.

ते एकशे एकोणचाळिसावं.