आधी फटी बुजवल्या, मग हीट पंप

आमचं घर अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरला आहे. शंभर वर्षांपूर्वीचं, लाकडी. तळघरात २७५ गॅलनची तेलाची टाकी आणि शेजारी त्या तेलावर घर गरम करणारा बॉयलर. २०२२च्या अखेरीस तेलाचे भाव कडाडले, त्याच हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून राहायला आल्या होत्या. बॉयलर दिवसभर घरघरायचा, तरी त्या स्वेटरवर शाल घेऊन रेडिएटरला चिकटून बसायच्या. "अगं, कुठून तरी वारं येतंय. खिडकी उघडी राहिली का बघ." खिडक्या तर सगळ्या बंद होत्या.

मी मास सेव्ह या राज्यातल्या ऊर्जा-बचत योजनेच्या मोफत घर-तपासणीसाठी नाव नोंदवलं. मोफत म्हणायचं, पण पैसे आपलेच. इथल्या वीजबिलात ऊर्जा-बचतीसाठी एक आकार लावलेला असतो, त्यातून ही योजना चालते. आम्ही तो तीन वर्षं भरत होतो आणि त्याचा लाभ मागायला कधी गेलोच नव्हतो. याची मला अजून हळहळ वाटते.

तपासणीला आलेल्या माणसाने पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापडाचा पडदा घट्ट बसवला, त्यात मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आतला दाब ५० पास्कलने उतरतो आणि बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. याला ब्लोअर डोअर टेस्ट म्हणतात. त्याने मला विजेच्या सॉकेटसमोर हात धरायला सांगितलं. कुणी फुंकर घालावी तसं गार वारं तळहाताला लागलं. माळ्याच्या झाकणाभोवती तर शीळ वाजत होती. सासूबाई उठून तिथे आल्या, हात वर केला आणि म्हणाल्या, "हेच ते वारं!"

पण काम तिथेच अडलं. माळ्यावर चिनीमातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या जुन्या तारा निघाल्या, नॉब अँड ट्यूब वायरिंग. या तारांची उष्णता मोकळ्या हवेत निघून जाते; त्यांवर इन्सुलेशन, म्हणजे घरातली ऊब अडवून धरणारा थर, पसरलं तर त्या तापतात आणि आगीचा धोका. इलेक्ट्रिशियनकडून त्या बदलून, तसा सही केलेला दाखला मिळेपर्यंत मार्च उजाडला. तुमचं घर १९४०च्या आधीचं असेल तर इलेक्ट्रिशियनला आधीच बोलवा, आमचे तीन महिने वाचले असते.

मग दोन दिवसांत फटी बुजवून झाल्या, त्याचा एक डॉलरही लागला नाही. भिंतींना बाहेरून भोकं पाडून सेल्युलोज भरलं, माळ्यावरही जाड थर दिला. सेल्युलोज म्हणजे रद्दी वर्तमानपत्रांचा करडा भुगा, आग लागू नये म्हणून बोरेट मिसळलेला. त्याच्या खर्चातला ७५ टक्के वाटा योजनेने उचलला. त्या आठवड्यात सासूबाईंची शाल खुर्चीच्या पाठीवरच राहिली.

हीट पंप त्यानंतर. बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर ओढून घरात आणणारं हे यंत्र. पहिल्या ठेकेदाराने जुन्या बॉयलरवरचा आकडा वाचून तेवढाच मोठा पंप सुचवला. आता घराला तेवढी उष्णता लागतच नव्हती! दुसऱ्याने खोलीनिहाय हिशेब केला, त्याला इथे मॅन्युअल जे म्हणतात, आणि बराच लहान पंप पुरला. हा हिशेब लेखी मागा, तो न देणाऱ्याला काम देऊ नका.

खर्चाचं खरं सांगते. गॅलनभर तेल आमच्या बॉयलरमध्ये जाळलं की विजेच्या सुमारे ३४ युनिटांइतकी उष्णता मिळे. पंपाला तेवढ्याच उष्णतेसाठी १२-१३ युनिट वीज लागते, आणि इथे वीज युनिटला तीस सेंटच्या आसपास, देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे साधारण चार डॉलर; तेलालाही आम्ही तेवढेच मोजत होतो. पैसे वाचले ते इन्सुलेशनमुळे. पण गॅलनभर तेल जळताना दहा किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. आमच्या भागातल्या राज्यांची, म्हणजे न्यू इंग्लंडची, निम्मी वीज गॅसवर होत असली तरी पंपाच्या वाटचा धूर त्याच्या निम्म्याहून कमी भरतो, आणि ग्रिड जसजसं स्वच्छ होईल तसतसा तो आणखी घटेल. माझ्यासाठी तेवढं कारण पुरेसं होतं. १९९०च्या तुलनेत २०३०पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणायचं, असा या राज्याचा कायदा आहे. तो अशा जुन्या तळघरांमधूनच पूर्ण व्हायचा आहे.

पूर्ण घराचं हीटिंग पंपावर नेलं म्हणून मास सेव्हकडून १०,००० डॉलर परत मिळाले, पण पहिला अर्ज परत आला होता. ठेकेदाराच्या बिलावर मॉडेल नंबरातला एक अंक चुकला होता. बिल हातात पडताच यंत्रावरच्या पट्टीशी ताडून बघा. केंद्र सरकारची २,००० डॉलरची करसवलतही त्या वर्षी घेतली. २०३२पर्यंत चालणारी ती सवलत अमेरिकी संसदेने २०२५च्या अखेरीपासूनच बंद केली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांच्याकडे आज जुना बॉयलर शेवटच्या घटका मोजतोय, त्यांच्या हातून ती गेली.

जानेवारीत पंपाच्या घराबाहेर बसवलेल्या भागातून वाफ उठते, तेव्हा घाबरू नका. साचलेलं बर्फ तो स्वतःच वितळवत असतो. थर्मोस्टॅटही रात्री उतरवू नका, एकाच तापमानावर राहू द्या.

टाकी आम्ही २०२४मध्ये काढली. ती काढताना बाहेरच्या भिंतीतला तेल भरायचा पाइपही आठवणीने काढून घ्या. पाइप तसाच राहिला आणि एखादा टँकर चुकून तुमच्या दारी आला, तर ते सगळं तेल थेट तळघराच्या जमिनीवर. आमच्याकडे तो काढायचा राहिला होता. मी माणसाला परत बोलावलं, समोर उभं राहून तो काढून घेतला आणि भोक सिमेंटने बुजवून घेतलं.