तुम्ही अजून पक्षात कशा?

भाचेमंडळी विचारतात, "आत्या, गुरुवारचा उपास, घरी गौरी-गणपती, मग कम्युनिस्टांचा लाल बावटा कशाला?" पक्षातली तरुण मुलं जरा आडून तेच विचारतात, "काकू, तुमच्या विचारांच्या माणसांनी इथे का राहावं?" इतके दिवस मी विषय टाळला. आता तुम्ही विचारलंतच, तर एकदा नीट सांगते.

देवाचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. देव मानणाऱ्याला पक्षात मज्जाव नाही. आकाशातल्या स्वर्गाबद्दल कामगारांचं एकमत होण्यापेक्षा जमिनीवर स्वर्ग आणायला त्यांची एकजूट होणं जास्त मोलाचं, असं लेनिननं 1905 मध्येच लिहून ठेवलंय. पुण्यात राहून लेनिनपर्यंत तरी कशाला जायचं? जोतीरावांनी 1873 मध्ये इथेच सत्यशोधक समाज काढला, तेही निर्मिकाला, म्हणजे जग निर्माण करणाऱ्या देवाला, मानत. साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसले, ते विठोबाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून. विठोबा नको म्हणून नव्हे. तेव्हा माझ्या देवघराचा हिशेब कुणी मागू नये.

पण गोष्ट देवघरापाशी थांबत नाही. ती लेकीच्या लग्नापाशी येते.

2016 च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. स्थळ वधूवर सूचक मंडळातून आलेलं, आमच्याच जातीतलं. अक्षता, सप्तपदी, कन्यादान, सगळं रीतसर केलं. पक्षाच्या शाखेतल्या प्रत्येकाला मी स्वतः पत्रिका दिली होती. एकही आलं नाही. त्यांच्यासाठी धरलेली पानं तशीच राहिली, आणि व्याही "तुमच्या पक्षाची मंडळी कुठायत?" असं विचारत राहिले.

पुढच्या बैठकीत चिटणिसांनी तीच पत्रिका टेबलावर ठेवली. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' या ओळीखाली लाल बॉलपेननं रेघ मारलेली. ज्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं वस्त्यांमधून पावत्या फाडत फिरले, त्यांनी ती रेघ मारली होती. मी म्हटलं, मुलगा लेकीनं स्वतः पसंत केलाय. हुंडा नाही, मानपान नाही, खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा उचलला. आणि जोतीरावही देव मानत होते. एक जण म्हणाला, "काकू, त्याच 1873 सालच्या डिसेंबरात त्यांनी भटजीशिवाय लग्न लावलं, ते मात्र तुम्ही सोडून देता." हे मी ऐकून घेतलं. वादात असं चालतंच.

मग एक मुलगी उठली. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 मध्ये संप केला तेव्हा तिची आई आणि मी बरोबर फिरलो होतो, घराघरातून बायकांना बोलावत. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्हाला मुलगा असता आणि मी त्याला आवडले असते तर?"

मी म्हटलं, "तर तुला घरी आणली असती."

"पण तुम्ही नाव नोंदवलंत ते मंडळच जातीचं होतं. मी तिथे आवडायला येणार कुठून?" आणि खाली बसता बसता म्हणाली, "रोटीव्यवहार झाला काकू, बेटीव्यवहार राहिला."

इतिवृत्तात मला ताकीद लिहिली गेली. तिचं मला काही वाटलं नाही. त्या पोरीला द्यायचं उत्तर मात्र अजून मला सापडलेलं नाही. लेकीचं लग्न मोडायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, कारण ते मला पटत नाही.

विशीतली मी त्या बैठकीत असते तर तिच्याच बाजूनं बोलले असते. ज्याला स्वतःचं घर बदलता येत नाही त्यानं समाज बदलायच्या गप्पा मारू नयेत, हे वाक्य मी अभ्यासवर्गात ठणकावून सांगत असे. त्या विशीतल्या मला मी आज सांगेन, बाई, तू अजून सासू सांभाळलेली नाहीस, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं केलेलं नाहीस. अडीअडचणीला रात्री धावून येतात ती नात्यागोत्याची माणसं, ठराव नाहीत. ती म्हणेल, हेच तर तुझे भाऊ म्हणतात. खरंच म्हणतात.

मग भावांकडे का जात नाही? कारण त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कडेला कामवालीचा कप अजून वेगळा आहे, दांडा तुटलेला. तिला आठवड्याची सुट्टी द्या म्हटलं की "डोक्यावर बसतील" असं ऐकावं लागतं. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हायला 2008 उजाडलं, आणि त्या सगळ्या वर्षांत माझं कुंकू वाखाणणाऱ्यांपैकी एकही मोर्चाला आला नाही. संस्कृतीवर आमचं जमेल, पगारावर जमणार नाही. मी उभं आयुष्य घालवलं ते पगाराच्या भांडणात.

आणि मी जुनाट ठरते त्या प्रत्येक ठिकाणी मी मागे हटेन असंही नाही. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन विकायचा सरकारी निर्णय झाला. मी विरोध केला, तर आमच्याच एका तरुण कॉम्रेडनं मला संस्कृतिरक्षक म्हटलं. वस्तीतल्या बायकांना विचारून ये म्हटलं त्याला. पगाराच्या दिवशी नवरा कुठून येतो, हे त्यांना ठाऊक आहे. वाईन काय नि देशी काय, दारू घराजवळ आलेली त्यांना नको आहे. यात त्या प्रतिगामी असतील तर पक्ष नेमका कुणाचा, हे पक्षानं सांगावं.

ती दांडेकर पुलाची मुलगी आता कमिटीत आहे. माझ्या सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा अर्ज यंदा तिच्याच हातात पडेल. मी तो भरलाय, लेव्ही, म्हणजे सभासदानं पक्षाला द्यायची वर्गणी, तीही दिलीय. काढायचं असेल तर तिनं काढावं, तो तिचा हक्क आहे. मी आपणहून जाणार नाही.