नेपथ्य आधी, पात्र नंतर : हाँगकाँगच्या पायऱ्यांवर फान हो यांच्या मागावर

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी हाँगकाँगला गेले, ती सत्तर वर्षांपूर्वी एका छायाचित्रकाराने पाहिलेला उजेड शोधण्यासाठी. फान हो यांची कृष्णधवल छायाचित्रे मी अनेक वर्षे पाहत आले आहे आणि दर वेळी एकच प्रश्न मागे उरतो : माणसांनी ओसंडून वाहणाऱ्या शहरात त्यांना चौकटीपुरते एकच माणूस कसे सापडत असे? घरी बसून छायाचित्रे न्याहाळून या प्रश्नाचे उत्तर मिळेना. शेवटी दोन भिंगांचा जुना कॅमेरा, दहा रोल आणि त्यांच्या छायाचित्रांवरून केलेल्या टिपणांची एक वही घेऊन मी पाच दिवसांसाठी निघाले.

डिसेंबर निवडण्यामागे साधे कारण होते. हाँगकाँग कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, सुमारे २२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथे माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायातळी गोळा होते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो भर दुपारीही सुमारे ४४ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे सावल्या दिवसभर लांब राहतात, आणि ज्यांची निम्मी चित्रे सावलीवर उभी आहेत अशा छायाचित्रकाराच्या मागावर निघालेल्या माणसाला याहून चांगला महिना मिळणार नाही.

फान हो यांचा जन्म १९३१ साली शांघायचा. १९४९ मध्ये ते हाँगकाँगला आले, त्या सुमारास चीनमधून निर्वासितांचे लोंढेच्या लोंढे या बेटावर येत होते. १९४५ मध्ये जेमतेम सहा लाख वस्तीचे हे शहर पाच वर्षांत वीस लाखांच्या पुढे गेले. जिन्याखाली, गच्चीवर, नावेत, जागा मिळेल तिथे माणसे राहत होती. तरुण फान हो यांना डोकेदुखीचा जुनाट त्रास होता. वाचायला बसले की डोके ठणकू लागे, म्हणून ते कॅमेरा घेऊन रस्त्यावर फिरू लागले. रोल धुण्यासाठी घरातला न्हाणीचा टब हीच त्यांची डार्करूम होती. पुढे १९६१ मध्ये ते शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीत गेले, अभिनय केला, मग दिग्दर्शक झाले, आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे वारले. पण ज्या चित्रांसाठी आज जग त्यांना ओळखते, ती बहुतेक सगळी विशीतिशीतल्या त्या भटकंतीतली आहेत.

पहिल्या सकाळी मी ट्रामने निघाले. १९०४ पासून बेटाच्या उत्तर किनाऱ्याने धावणाऱ्या या ट्रामला तिथले लोक तिच्या घंटेवरून ‘डिंग डिंग’ म्हणतात. मागच्या दाराने चढायचे आणि उतरताना पुढच्या दाराशी भाडे द्यायचे, ही रीत कळली की बाकी काही अवघड नाही. वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसल्यावर समोर रूळ पसरतात, आणि फान हो यांच्या चित्रांत संध्याकाळच्या उजेडात तारेसारखे लखलखणारे रूळ हेच, हे ओळखायला वेळ लागत नाही. त्यांच्या वेळचा समुद्र मात्र जागेवर नाही. एकेकाळी कॉनॉट रोडला लागून पाणी होते. भर टाकून टाकून किनारा पुढे सरकला आणि जिथे होड्या लागत तिथे आता अनेकपदरी वाहतूक आहे. वहीत ‘धक्का’ म्हणून नोंदलेल्या जागा मी पहिल्याच दिवशी खोडून टाकल्या. पाण्याच्या शोधात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

पायऱ्या मात्र आहेत. बेटाचा डोंगर किनाऱ्यापासून लगेच चढू लागतो, त्यामुळे सेंट्रल आणि शेउंग वान या भागांतल्या अनेक गल्ल्या म्हणजे उभे जिनेच आहेत. पॉटिंजर स्ट्रीटवर दगडी फरशा मुद्दाम खालीवर बसवल्या आहेत, म्हणजे पाऊस वाहून जातो आणि पाय घसरत नाही. लॅडर स्ट्रीट तर नावाप्रमाणे शिडीच आहे. तिच्या कडेला हॉलिवूड रोडवर १८४७ मधले मान मो मंदिर आहे. आत छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात आणि धूर सतत खाली झिरपत असतो. मी तिथे एकही छायाचित्र काढले नाही, लोक प्रार्थना करत होते. पण कडेला उभी राहून अर्धा तास मी वरून येणारी तिरीप पाहत होते. धुरामुळे उजेडाला जणू अंग येते. तिरिपेच्या समोर तोंड करून उभे राहिले की ती भरीव दिसते, पाठीशी घेतली की तोच धूर फिका पडून नाहीसा होतो. फान हो सूर्याकडे तोंड करून छायाचित्रे का काढत, रस्त्यावरच्या चुलींचा धूर आणि वाफ त्यांना का हवी असे, याचे उत्तर त्या अर्ध्या तासात मिळाले. त्यांच्या बाजारांच्या चित्रांत माणसे आणि माल यांच्यामधली हवासुद्धा दिसते, ती अशी.

खरा धडा दुसऱ्या दुपारी मिळाला. मंदिराच्या खालच्या बाजूला लॅडर स्ट्रीटवर एका टप्प्यावर, दोन इमारतींच्या फटीतून आलेल्या उन्हाचा एक त्रिकोण पायऱ्यांवर पडला होता. पाच-सहा पायऱ्या उजळलेल्या, वरखाली सगळे सावलीत. पावणेतीन वाजले होते. मी खालच्या टप्प्यावर भिंतीला टेकून उभी राहिले आणि उजेडाचे मोजमाप फक्त त्या त्रिकोणावर केले : सेकंदाचा २५० वा भाग, भिंगाचे छिद्र एफ ११. सावलीत काय आहे याचा विचारच करायचा नाही, ती फिल्मवर काळीच पडणार होती आणि मला ती काळीच हवी होती. गर्दीतून एकच माणूस वेगळा काढण्याचे निम्मे रहस्य इथे आहे. त्रिकोणाबाहेरची माणसे असतातच, पण काळोखात बुडतात. उजेडात पाऊल टाकेल तोच दिसतो.

उरलेले निम्मे रहस्य म्हणजे थांबणे. फान हो यांनी पुढे अनेक वर्षे चित्रपटांत काम केले ते उगीच नव्हे. रस्त्याकडे ते रंगमंचासारखेच पाहत. आधी नेपथ्य लावायचे, उजेड ठरवायचा, चौकट बांधायची, आणि मग पात्राच्या प्रवेशाची वाट पाहायची. आपण बहुतेक जण उलटे करतो. चेहरा दिसला की त्याच्या मागे धावतो आणि पाठीमागे काय आहे ते घरी आल्यावर पाहतो. मीही अनेक वर्षे तेच केले आहे आणि माझे खोकेच्या खोके भरून निगेटिव्ह त्याची साक्ष देतील.

त्या दुपारी माझ्यासमोरून शंभरेक माणसे तरी गेली असतील. शाळकरी मुले दोन-दोन पायऱ्या ओलांडत उतरली. एक माणूस हातगाडी एकेक पायरी खडखडत वर ओढत होता. तो बरोबर त्रिकोणात आला, पण मागून आणखी दोघे आले आणि तिघांचा एकच काळा गठ्ठा झाला. एक जोडपे उजेडात थांबून एकमेकांचे फोटो काढू लागले. त्रिकोण दर दहा मिनिटांनी बोटभर सरकत होता आणि मीही त्याच्याबरोबर पाऊल-पाऊल सरकत होते. रोलमध्ये बाराच चौकटी असल्या की हात आपोआप आवरला जातो. पाऊण तासात मी एकदाही बटण दाबले नव्हते, आणि मनात नवखी शांतता होती, कारण चित्र तयार होते. फक्त त्यात कोणी नव्हते.

पावणेचारच्या सुमारास वरून एक आजी आल्या. पायरीवर आडवे पाऊल टाकत, एका हाताने कठड्याची नळी धरून, दुसऱ्या काखेत दुमडून सुतळीने बांधलेले पुठ्ठे घेऊन त्या उतरत होत्या. हाँगकाँगमध्ये अशी पुष्कळ वृद्ध माणसे दुकानांबाहेरचे पुठ्ठे गोळा करून रद्दीवाल्याला विकताना दिसतात. त्या त्रिकोणात आल्या आणि थांबल्या. पुठ्ठ्यांचा भार त्यांनी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला, आणि त्या क्षणी दोन्ही हात मोकळे असल्यामुळे त्या पायरीवर केवळ तोल सांभाळून उभ्या होत्या. मी बटण दाबले. चावी फिरवून पुन्हा दाबले, तोवर त्यांचा हात परत नळीवर गेला होता.

त्यांनी मला पाहिले नाही, आणि यात कॅमेऱ्याचा वाटा आहे. फान हो यांचा रोलायफ्लेक्स याच जातीचा. तो छातीपाशी धरून वरून काचेत पाहायचे असते, त्यामुळे छायाचित्रकार मान खाली घालून उभा असतो. डोळ्याला लावलेला कॅमेरा रोखल्यासारखा वाटतो, हा तसा वाटत नाही. काचेत डावे उजवे उलट दिसते, डावीकडून येणारा माणूस उजवीकडून येतो, आणि या उलटेपणामुळे माणसाआधी आकार दिसतात, हा त्याचा मला जाणवलेला आणखी एक फायदा. तरीही त्या काळी कॅमेऱ्याची लोकांना धास्ती वाटे. एका खाटकाने हातात सुरा घेऊन आपल्याला धमकावले होते आणि आपला आत्मा परत मागितला होता, असे फान हो यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे. तो प्रसंग मला त्या दुपारी सारखा आठवत राहिला. आजी खालच्या टप्प्यावर पोचल्या तेव्हा मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून मान झुकवली. त्यांनी हात हलवून ‘असू दे’ अशी खूण केली आणि त्या पुढे गेल्या.

चौथ्या दिवशी मी कॉजवे बे भागात गेले. फान हो यांचे सर्वांत गाजलेले चित्र, १९५४ मधले ‘अप्रोचिंग शॅडो’, त्या परिसरातले आहे. मोठी पांढरी भिंत, तिच्या पायथ्याशी मान खाली घालून उभी असलेली एक तरुणी, आणि भिंत तिरकी कापत तिच्या दिशेने सरकणारी एक प्रचंड त्रिकोणी सावली. ती तरुणी त्यांच्या नात्यातली बहीण होती आणि तिला तिथे त्यांनीच उभे केले होते. सावली तर त्या भिंतीवर नव्हतीच. ती त्यांनी नंतर डार्करूममध्ये चढवली. तारुण्य ओसरते, हे त्यांना त्या सावलीतून सांगायचे होते. मी ती भिंत शोधायला गेले नव्हते. पण त्या रस्त्यांवरून चालताना मनात बरीच वर्षे घर करून बसलेला सल पुन्हा वर आला. रस्त्यावरचे छायाचित्र म्हणजे जे घडले तेच, न सजवता, न कापता, असे मी शिकले होते. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या शिस्तीत वाढलेल्या माझ्या पिढीला निगेटिव्हची कड कापणेसुद्धा पाप वाटे. फान हो मात्र चौकोनी निगेटिव्हमधून कधी उभी पट्टी, कधी आडवी फीत कापून काढत, आणि उतारवयात तर आपल्या जुन्या निगेटिव्हांतून त्यांनी नवी चित्रे रचली. हा माणूस मग रस्त्याचा छायाचित्रकार कसा, असा प्रश्न मी मित्रांना आवेशाने विचारत असे. आता मला वाटते की त्यांनी कधी साक्षीदार असल्याचा दावा केलाच नव्हता. बातमीच्या छायाचित्रात एक सावली वाढवणे हा गुन्हाच आहे आणि त्याबाबत माझे मत तसूभरही बदललेले नाही. पण सावली आपण चढवली हे स्वतःहून सांगणाऱ्या माणसावर फसवणुकीचा आळ घेता येत नाही.

सेंट्रलमध्ये मला एक गोष्ट अशी दिसली, जी त्यांच्या चित्रांत नाही. काचेच्या उंच इमारतींवरून ऊन परतून समोरच्या फुटपाथवर पडते, आणि दे व्ह रोडवर सकाळी नऊच्या सुमारास एकेका माणसाला दोन दोन सावल्या असतात, एक सूर्याची, दुसरी काचेची, परस्परविरुद्ध दिशांना. त्यांच्या काळी गल्लीत एकच सूर्य होता आणि सावलीची बाजू निखळ काळी राहत असे. आता काळोखात कुठून तरी उजेड झिरपतोच. त्या दोन सावल्यांवर मी अख्खा रोल घालवला आणि एकही चौकट जमली नाही. तिथे पुन्हा जावे लागेल, एका सकाळीत उरकण्याचे ते काम नाही.

परत आल्यावर रोल धुतले. आजींची पहिली चौकट एनलार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, लावली तेव्हा लाल दिव्याच्या उजेडात दिसले की डावीकडच्या सावलीत, माझ्या लक्षातही न आलेला एका दुकानाचा प्रकाशमान फलक होता. आजींपेक्षा तोच आधी डोळ्यांत भरत होता. मी काळ्या कागदाच्या दोन काटकोनी पट्ट्या घेतल्या आणि कागदाच्या पाटावर सरकवत राहिले. डावा अर्धा भाग गेला, मग उजवीकडचा थोडा, आणि चौकोनातून एक उंच, अरुंद पट्टी उरली : वर रिकाम्या काळ्या पायऱ्या, अगदी खाली उजेडाचे टोक आणि त्यात आजी. फलकाचा एक कोपरा तरीही डावीकडून आत डोकावत होताच. तो कापायला गेले की पुठ्ठ्यांची कड तुटत होती.

पंधरा सेकंद पूर्ण कागदाला उजेड दिला. मग बाकीचा कागद पुठ्ठ्याच्या तुकड्याने झाकला आणि फक्त त्या कोपऱ्यावर, पुठ्ठा हलका हलवत, आणखी तीस सेकंद मोजले. ट्रेमध्ये आधी पायऱ्यांच्या कडा उमटल्या, मग आजींचे मोकळे हात, आणि कोपऱ्यातला फलक हळूहळू भिंतीच्या काळोखात मिसळून गेला.