नवी स्लेड आणि डेलावेअरच्या पुढचे बारा मैल

मिशिगनच्या कीविनॉ द्वीपकल्पात तीन दिवस स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल (बर्फावरची इंजिनाची गाडी, पुढे दोन स्की, मागे फिरता पट्टा) चालवून परवा रात्री परतलो. स्लेडची रेस उजव्या अंगठ्याने दाबायची असते, आणि तो अंगठा अजून नीट मिटत नाही. डेलावेअर (राज्य नव्हे, तिथली वस्ती) ते कॉपर हार्बर हे अंतर जेमतेम बारा मैलांचं. तेवढ्यात माझी नवीकोरी स्लेड एकोणीस वेळा बंद पडली. मेहुण्याने एकेक करून मोजलं. हा वृत्तांत त्या बारा मैलांचाच आहे. बर्फ, जंगल, तळं सगळं सुंदर आहे, पण त्याबद्दल इतरत्र भरपूर वाचायला मिळेल. नवीन स्लेड घेऊन कोणी तिकडे जाणार असेल तर आधी हे वाचा.

मशीन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, सेल्फ स्टार्ट आणि बटणावरचा इलेक्ट्रॉनिक रिव्हर्स. निघताना मीटरवर ३८ मैल होते. घरी पहिल्यांदा सुरू केली तेव्हापासूनच आयडल, म्हणजे रेस न देता इंजिनाचा फिरण्याचा वेग, वरखाली होत होतं. काटा मिनिटाला १,३०० फेऱ्यांवर यायचा, आपोआप २,२०० ला जायचा, परत खाली. ज्याच्याकडून घेतली त्या विक्रेत्याला मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळेला एकच उत्तर: "नवीन आहे, ब्रेक-इनमध्ये असंच चालतं. तीनशे मैल होऊ द्या, आपोआप बसेल."

हे साफ खोटं आहे. ब्रेक-इन म्हणजे नवं इंजिन रुळण्याचा काळ. त्यात काय होतं ते सांगतो. बऱ्याच आधुनिक टू-स्ट्रोकमध्ये सुरुवातीचे काही तास ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजिनाला नेहमीपेक्षा जास्त तेल देतो. धूर थोडा जास्त दिसतो, प्लग जरा काळपट निघतात, सलग फुल रेस द्यायची नसते. बस, एवढंच. गरम झालेलं नवीन इंजिन पहिल्या दिवसापासून एका जागी स्थिर आयडल व्हायलाच हवं. काटा नाचत असेल तर कुठेतरी दोष आहे, आणि तो मैल वाढल्याने जात नाही.

पहिला दिवस होटनहून कॅल्युमेटपर्यंत. होटन आणि हॅनकॉकला जोडणारा उचलता पूल १९५९ सालचा आहे. त्याच्या खालच्या मजल्यावरून पूर्वी रेल्वे जायची, आता हिवाळ्यात स्लेड जातात. तो दिवस मजेत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शून्याखाली १७ होतं. स्लेड एका सेल्फला सुरू झाली आणि छान चालली. इथेच मी फसलो. थंड इंजिनाला ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, त्यामुळे कुठून आगंतुक हवा आत येत असली तरी मिश्रण जेमतेम सांभाळलं जातं. इंजिन गरम झालं की ते जादा पेट्रोल बंद होतं आणि खरं दुखणं वर येतं. म्हणून गाडी ताब्यात घेताना शोरूमच्या दारात दोन मिनिटं चालू करून दाखवलेल्या आयडलला काडीची किंमत देऊ नका. वीस मिनिटं चालवा, पूर्ण गरम करा, बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. मग काटा बघा.

मोहॉकच्या पुढे रस्त्याकडेला बर्फ मोजायची ती प्रसिद्ध उंच पट्टी आहे. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथे ३९०.४ इंच बर्फ पडला, त्याची खूण तिच्यावर आहे. फोटो काढायला थांबलो, रेस सोडली, आणि स्लेड पहिल्यांदा बंद पडली. काटा क्षणभर अडीच हजारावर अडकून राहिला आणि मग धाडकन शून्यावर आला. हे लक्षात ठेवा: आधी वर अडकणं, मग एकदम मरणं. प्लग ओला होऊन बंद पडणारं इंजिन असं वागत नाही, ते भुरभुर करत, धूर काढत मरतं. वर अडकून मरणं ही बहुतेक वेळा हवेच्या गळतीची खूण असते. मला तेव्हा हे ठाऊक असतं तर मी तिथूनच मागे फिरलो असतो.

डेलावेअरपर्यंत ट्रेल रुंद होता, रेस फारशी सोडावी लागली नाही. त्यापुढे तीन नंबरचा ट्रेल झाडीतून वळणं घेत, चढउतार करत जातो. दोन्ही बाजूंनी वाहतूक असते. प्रत्येक वळणाआधी अंगठा सैल करावा लागतो, आणि अंगठा सैल केला की माझं इंजिन गप्प. एकदा ती आंधळ्या वळणाच्या ऐन माथ्यावर मेली. समोरून येणारे मला दिसत नव्हते, मी त्यांना दिसत नव्हतो. मेहुणा स्लेड सोडून वळणापलीकडे धावत गेला आणि दोन्ही हात हलवत उभा राहिला. अर्ध्या मिनिटात चार स्लेडची रांग आली. तो तिथे नसता तर काय झालं असतं याचा विचार मला अजून नको वाटतो.

ती रांग जावी म्हणून मी स्लेड कडेला घेतली आणि मऊ बर्फात रुतलो. आता रिव्हर्स हवा. इलेक्ट्रॉनिक रिव्हर्समध्ये वेगळा गिअर नसतो. बटण दाबलं की इंजिन जवळजवळ थांबतं आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडून उलट्या दिशेने फिरू लागतं. आयडलच स्थिर नसेल तर ते जवळजवळ थांबत नाही, पुरतंच थांबतं. मी सहा वेळा बटण दाबलं, सहाही वेळा इंजिन मेलं. शेवटी मांडीएवढ्या बर्फात उभं राहून, स्कीच्या कड्यांना धरून पाचशे पौंडांचं धूड आम्ही दोघांनी वीत-वीत करून फिरवलं. हेल्मेटच्या काचेवर आतून श्वासाचा बर्फ जमला होता, आणि आतल्या कपड्यांना घामाचं पाणी सुटलं होतं. त्या थंडीत घाम येणं ही अजिबात चांगली गोष्ट नाही. तेव्हा पक्कं समजून चाला, आयडल बिघडलं म्हणजे रिव्हर्सही गेला.

तिथून मेहुण्याने सांगितलं, "दाजी, रेस पूर्ण सोडूच नका. अडीच हजारावर धरून ठेवा." कल्पना बरोबर होती. क्लच साधारण साडेतीन ते चार हजारांच्या मध्ये पकडतो, त्याखाली इंजिन फिरतं पण स्लेड हलत नाही. दोनेक मैल जमलंही. पण जाड हातमोज्यातल्या थकलेल्या अंगठ्याला अडीच हजार आणि साडेतीन हजार यांतला फरक कळेनासा होतो. जिथे ट्रेल मोटाररस्ता ओलांडतो तिथे थांबलो असताना अंगठा जरासा दाबला गेला आणि स्लेड हातभर पुढे सरकली. समोरून पिकअप ट्रक गेला. त्यानंतर मी प्रत्येक रस्त्यापाशी इंजिन स्वतःहून बंद केलं, पायी जाऊन दोन्हीकडे पाहिलं आणि मग पुन्हा सुरू केलं. वेळ जातो, जाऊ द्या. अंगठ्याने आयडल धरण्याची युक्ती मोकळ्या ट्रेलवरच वापरा, रस्त्याच्या तोंडाशी कधीही नाही.

शेवटचे तीन मैल टोचन. बॅटरी सेल्फ मारून मारून बसली होती आणि हाताने सुरू करायची दोरी ओढण्याइतकं बळ खांद्यात उरलं नव्हतं. टोचन करताना ड्राइव्ह बेल्ट आधी काढून ठेवा, म्हणजे स्लेडखालचा पट्टा मोकळा फिरतो आणि क्लचवर ताण येत नाही. ओढायची दोरी बांधायची ती दोन्ही स्कींना, एकाच स्कीला किंवा बंपरला नको. बेल्ट घरी एकदा काढून-घालून बघा. अंधारात, बधिर बोटांनी पहिल्यांदाच शिकायची ती गोष्ट नाही. आणि कॅल्युमेटच्या उत्तरेला फोनला रेंज मिळेल असं धरून चालूच नका. आम्हाला मिळाली नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या जागी पार्किंगमध्ये आणखी काही जण होते. माझी अवस्था बघून एकेकजण बोलू लागला तेव्हा कळलं की नवीन स्लेडचं आयडल बिघडण्याचं दुखणं एकच नसतं. एकाच्या स्लेडवर थ्रॉटल (रेसची) केबल इतकी ताणलेली होती की हँडल डावीकडे वळवलं की आयडल आपोआप वाढायचं. दुसऱ्याची केबल उलट ढिली होती. थ्रॉटलच्या सेफ्टी स्विचला वाटायचं की थ्रॉटल अडकलंय, आणि तो इंजिन बंद करायचा. तिसऱ्याचा नवा बेल्ट जास्त ताणून बसवला होता. आयडललाच क्लच बेल्टला घासायचा, स्लेड पुढे सरकू बघायची आणि त्या ओझ्याने इंजिन दबायचं. त्याने ईसीयू बदलण्यापर्यंत चर्चा नेली होती, शेवटी बेल्टचं सेटिंग अर्धा फेरा फिरवल्यावर काम झालं. चौथ्याच्या टाकीत गेल्या मोसमाचं शिळं पेट्रोल होतं.

चौघांपैकी प्रत्येकाला आधी "ब्रेक-इन" हेच उत्तर मिळालं होतं.

माझा दोष तिथल्याच एका वयस्क रायडरने शोधला. बाजूचं पॅनल काढून, डोक्याला टॉर्च लावून, त्याने थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) दोन्ही हातांत धरून हळूच हलवली. क्लचकडच्या सिलिंडरच्या बाजूला ती हलली. थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामधलं जे रबरी बूट असतं, त्याचा क्लॅम्प आवळलेलाच नव्हता. बूट एका कडेने बाहेर सरकलं होतं, आणि त्या फटीतून मोजदाद नसलेली हवा थेट सिलिंडरमध्ये जात होती. त्याने प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. एक ताज्या चहाच्या रंगाचा, दुसरा खडूसारखा पांढरा. "हा आणखी शंभर मैल असाच जोरात चालवला असतास तर पिस्टनला भोक पडलं असतं," तो म्हणाला. त्याने बूट बसवलं, क्लॅम्प आवळला, स्क्रूचे चार फेरे. स्लेड गरम केली. काटा १,६०० वर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. मी पाच मिनिटं नुसता तो काटा बघत उभा होतो. मग रिव्हर्सचं बटण दाबलं, पहिल्या फटक्यात लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज नाही.

म्हणूनच नाचणारं आयडल ही नुसती कटकट समजू नका.  मिश्रणात हवा जास्त झाली की पिस्टन प्रमाणाबाहेर तापतो. ट्रेलवर हे लक्षण दिसलं तर फुल रेस देऊन "साफ करून घेऊ" हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. आधी थ्रॉटल बॉडी हाताने हलवून बघा. मग केबलचा थोडासा ढिलेपणा बघा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून. मग हवेच्या तोंडाच्या जाळीवर बर्फ बसलाय का बघा. पेट्रोल भरून गुदमरली असेल, तर फुल थ्रॉटल दाबून सेल्फ मारायचा, बऱ्याच मशीनवर त्याने पेट्रोल तोडलं जातं. जादा प्लग आणि ते काढायचा पाना नसेल तर निघूच नका. सोबतीला दुसरी स्लेड नसेल तरी निघू नका.

तिसरा दिवस ब्रॉकवे डोंगरावरून. निरभ्र आकाश, खाली लेक सुपिरियर, आणि खाली उतरताना रेस पूर्ण सोडूनही इंजिन शांतपणे चालू. जा, नक्की जा. ट्रेल १ डिसेंबर ते ३१ मार्च खुले असतात, परमिटचं स्टिकर आणि हेल्मेट सक्तीचं आहे, उजव्या कडेने चालवा.

परतल्यावर स्लेड विक्रेत्याकडे नेली. इंजिनाची प्रेशर टेस्ट करून घ्या, गळती खरंच गेली का ते त्यानेच कळतं. आतून कॅमेऱ्याने पिस्टन पाहिला, सुदैवाने ओरखडा नाही. मग हातात बिल ठेवलं, १८५ डॉलर. कारण काय, तर क्लॅम्प आवळणं हे "ॲडजस्टमेंट" आहे, वॉरंटीत बसत नाही! त्यांनी न आवळलेला क्लॅम्प रस्त्यात एका अनोळखी माणसाने आवळायचा आणि तपासणीचे पैसे मी द्यायचे. मेहुण्याने ट्रेलवर काढलेला काट्याचा व्हिडिओ आणि माझ्या दोन फोनच्या तारखा समोर ठेवल्या, तेव्हा बिल मागे घेतलं. तुम्हीही पहिल्या दिवसापासून व्हिडिओ काढून ठेवा, आणि फोनवर बोलण्याऐवजी लेखी कळवा. "ब्रेक-इन आहे" हे त्यांना लिहून द्यायला सांगा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेकजण स्लेड तपासायला घेतात.

गाडी देण्याआधी विक्रेत्याने करायच्या तपासणीचा एक कागद असतो. तो मी तीनदा मागितल्यावर मिळाला. त्यावर इनटेक बूट आणि क्लॅम्प अशी वेगळी ओळ आहे, आणि तिच्यापुढे बरोबरची खूण आहे. खाली सहीसुद्धा आहे. त्याची प्रत, व्हिडिओ आणि त्या पांढऱ्या प्लगचा फोटो मी आज सकाळी कंपनीला पाठवला.